जपावं काय, काढावं काय
(कंपनीच्या मेल सर्व्हरवरील जागेच्या व्यवस्थापनावरील पुस्तकाची प्रस्तावना)

२००५ सालच्या जून महिन्यातली एक सकाळ. भोसरीतल्या एका कारखान्यात मी मेल सर्व्हर सांभाळत होतो. पहिली पाळी सुरू होऊन तासभर झाला असेल, तेवढ्यात डिस्पॅचमधून फोन आला, "साहेब, मेल उघडत नाहीये." पाठोपाठ स्टोअर्समधून, मग अकाउंट्समधून. सर्व्हर चालू होता, नेटवर्क ठीक होतं, डिस्कवर जागाही शिल्लक होती. तरी मेलचा डेटाबेस बंद पडला होता. आमच्याकडे मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज २००३ची स्टँडर्ड आवृत्ती होती आणि तेव्हा त्या आवृत्तीत डेटाबेसला १६ जीबींची मर्यादा होती. आम्ही त्या मर्यादेला टेकलो होतो.

रजिस्ट्रीत एक नोंद घातली की तात्पुरता आणखी एक जीबी मिळायचा. ती घालून डेटाबेस उभा केला आणि सगळ्या विभागांना निरोप धाडला: जुने मेल काढा. लोकांनी हातातली कामं बाजूला ठेवून दुपारपर्यंत हजारो मेल काढले. संध्याकाळी मी फाइलचा आकार पाहिला. तो तसूभरही कमी झाला नव्हता.

या पुस्तकाची सुरुवात त्या संध्याकाळी झाली, असं आज मागे वळून पाहताना वाटतं. एवढ्या लोकांनी एवढं काढलं, मग जागा गेली कुठे? या एका प्रश्नाचं उत्तर नीट समजलं की मेल सर्व्हरचा निम्मा कारभार समजतो. म्हणून ते इथेच सांगतो.

माणूस मेल काढतो तेव्हा तो आधी 'डिलिटेड आयटम्स'मध्ये जातो. तिथूनही काढला की सर्व्हर तो आणखी काही दिवस राखून ठेवतो, कारण चुकून काढलेला मेल परत मागायला कोणीतरी येणारच. एक्स्चेंजच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ही मुदत मुळात १४ दिवसांची असते. मुदत संपल्यावर देखभालीचं काम त्या मेलने अडवलेली पानं मोकळी करतं. पण मोकळी झालेली पानं डेटाबेसच्या फाइलमध्येच राहतात. भाडेकरू खोल्या सोडून गेले म्हणून वाडा लहान होत नाही. खोल्या रिकाम्या होतात आणि पुढचे भाडेकरू त्यांत राहायला येतात. वाडाच लहान करायचा तर शेजारी नवा बांधून राहिलेल्यांना तिकडे हलवावं लागतं. ईएसईयुटिल नावाचं साधन नेमकं हेच करतं. त्यासाठी डेटाबेसच्या सुमारे ११० टक्के मोकळी जागा हाताशी लागते आणि काम संपेपर्यंत मेल पूर्ण बंद ठेवावा लागतो. त्या रात्री आम्ही फाइल दुसऱ्या यंत्रावर नेऊन हे काम केलं. उजाडलं तेव्हा मेल सुरू झाले होते.

पुढे त्या वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टने सर्व्हिस पॅक २ आणून ती मर्यादा ७५ जीबींपर्यंत वाढवता येईल अशी सोय केली. आम्हाला हायसं वाटलं. पण मर्यादा वाढल्याने काय ठेवायचं आणि काय काढायचं, हे काही ठरलं नव्हतं. ते न ठरवताच आम्ही पुढे गेलो. त्याची किंमत दोन वर्षांनी एका माणसाला मोजावी लागली. तो प्रसंग पुढे येईल. त्याआधी हे ओझं साठतं कसं, ते पाहायला हवं.

१९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पहिला मेल पाठवला तेव्हा मेल म्हणजे निव्वळ अक्षरं होती. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी लिहिलेल्या एसएमटीपीच्या नियमावलीतही सात बिटांची साधी अक्षरंच गृहीत होती. भारतात १९८०च्या दशकात अर्नेटच्या प्रकल्पातून मुंबईतली जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी ही दोन ठिकाणं टेलिफोनच्या तारेवरून मेलने जोडली गेली, तेव्हाही प्रवास अक्षरांचाच होता. पानभर मजकूर म्हणजे दोन-तीन हजार अक्षरं. अशी लाखो पत्रं आजच्या बोटभर पेनड्राइव्हवर सहज मावतील.

चित्र बदललं ते १९९२मध्ये. नॅथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी माइम ही पद्धत आणली आणि पत्रासोबत छायाचित्र, आवाज, कोणतीही फाइल जोडता येऊ लागली. अक्षरांसाठी बांधलेल्या रस्त्यावरून फाइल न्यायची, तर ती अक्षरांच्या वेषात न्यावी लागते. बेस-६४ या रीतीत मूळच्या दर तीन बाइट्सची चार अक्षरं होतात. म्हणजे फाइल बाहेरच्या जगात निघाली की तिचं वजन तिथल्या तिथे एक तृतीयांशाने वाढतं. 'माझी फाइल तर आठ एमबीची आहे, मग दहा एमबीच्या मर्यादेत का बसत नाही?' हा प्रश्न प्रत्येक मेल सांभाळणाऱ्याने शेकडो वेळा ऐकलेला असतो. त्याचं उत्तर हे.

आता आतलं गणित. डिझाइन विभागाने आठ एमबीचं ड्रॉइंग बारा जणांना पाठवलं. बारा जणांच्या पेट्यांत बारा प्रती आणि पाठवणाऱ्याच्या 'सेंट'मध्ये एक, मिळून १०४ एमबी. ड्रॉइंगमध्ये तीन वेळा सुधारणा झाली आणि दर वेळी ते सगळ्यांना गेलं की एकूण ४१६ एमबी. हीच चार ड्रॉइंग्ज सामायिक फोल्डरमध्ये ठेवून मेलमध्ये फक्त पत्ता दिला असता, तर ३२ एमबींत काम भागलं असतं. जुन्या एक्स्चेंजमध्ये एका डेटाबेसपुरती एकच प्रत ठेवून बाकीच्यांना तिच्याकडे बोट दाखवण्याची सोय होती. एक्स्चेंज २०१०मध्ये ती काढून टाकण्यात आली, आणि त्यामागे पटण्याजोगं कारण होतं. डिस्कची जागा स्वस्त झाली होती, पण डिस्कवर इकडेतिकडे धावून तुकडे गोळा करण्याचा वेळ तितका स्वस्त झाला नव्हता. म्हणून प्रत्येकाचं सामान त्याच्याच खोलीत सलग ठेवायचं ठरलं. वेग मिळाला, आणि जागेचा हिशेब पुन्हा माणसांच्या सवयींवर येऊन थांबला.

त्या सवयींना एका घटनेने कायमचं वळण दिलं. २००४ सालच्या १ एप्रिलला गूगलने जीमेल आणलं आणि प्रत्येक खात्याला एक जीबी जागा देऊ केली. तेव्हा हॉटमेलच्या फुकट खात्याला दोन एमबी मिळत होते. तारखेमुळे अनेकांना ती थट्टाच वाटली. थट्टा नव्हती, आणि काही महिन्यांतच आमच्याकडे लोक विचारू लागले, "गूगल फुकट एक जीबी देतं, मग कंपनी शंभर एमबी का देते?" प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर आम्ही कधी नीट दिलं नाही. 'पॉलिसी आहे' एवढंच म्हणत राहिलो. ते उत्तर मी या पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात सविस्तर दिलं आहे. त्याचं सार असं.

कंपनीच्या मेलमधला एक जीबी डिस्कवर एक जीबी म्हणून राहत नाही. यंत्र बिघडलं तर काम थांबू नये म्हणून त्याची दुसरी प्रत दुसऱ्या सर्व्हरवर असते. रोजचा बॅकअप असतो, आठवड्याचा असतो, गावाबाहेर ठेवलेला असतो. शिवाय प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये लिहिला जातो आणि मग डेटाबेसमध्ये. पूर्वी पाच एमबीची आणि एक्स्चेंज २००७पासून एक एमबीची अशी लॉगची एकेक फाइल तयार होत जाते. पूर्ण बॅकअप नीट पार पडला की जुने लॉग आपोआप निघून जातात. बॅकअप चार दिवस बिघडला आणि कोणाच्या लक्षात आलं नाही, तर लॉगची डिस्क भरते आणि डेटाबेस बंद पडतो. जागा संपल्याच्या ज्या तक्रारी मी पाहिल्या त्यांतल्या कित्येकींचं मूळ या बिघडलेल्या बॅकअपमध्ये होतं. लोकांच्या मेलचा तिथे काही दोष नव्हता. म्हणून पहाटेचा बॅकअपचा अहवाल वाचणं हे माझ्या मते जागेच्या व्यवस्थापनातलं पहिलं काम आहे.

आणि परत उभं राहायला लागणारा वेळ? पाचशे जीबींचा डेटाबेस सेकंदाला पन्नास एमबींच्या वेगाने परत आणायचा म्हटलं तर दहा हजार सेकंद, म्हणजे पावणेतीन तासांहून जास्त लागतात, तेही सगळं सुरळीत चाललं तर. डेटाबेस दुप्पट झाला की कारखाना बिनमेलचा राहण्याचे तासही दुप्पट. जागेची खरी किंमत अशा तासांत मोजायची असते. डिस्कच्या बिलावर ती दिसत नाही.

मग कोटा आला. एक्स्चेंजमध्ये कोट्याच्या तीन पायऱ्या असतात: आधी इशारा, मग पाठवणं बंद, शेवटी येणंही बंद. २०१०च्या आवृत्तीत मुळात १.९, २ आणि २.३ जीबी असे आकडे होते. इशारा आणि अडवणूक यांच्यात किती अंतर ठेवायचं हा मला तांत्रिक प्रश्नाइतकाच माणुसकीचा प्रश्न वाटतो. ज्याला महिनाअखेरीला बिलं पाठवायची आहेत, त्याला त्याच दिवशी इशारा आणि त्याच दिवशी बंदी मिळाली तर तो हाताला लागेल ते काढून टाकतो. घाईत काढलेल्या मेलमध्ये काय होतं, हे त्यालाही पुढे आठवत नाही.

आता तो प्रसंग. आम्ही शंभर एमबींचा कोटा लावला होता आणि ज्यांना जास्त हवं त्यांना सांगितलं, 'जुने मेल पीएसटीत काढा.' पीएसटी म्हणजे आउटलुकने माणसाच्या स्वतःच्या संगणकावर बनवलेली फाइल. सर्व्हरचा आकडा झपाट्याने उतरला आणि माझ्या वरिष्ठांनी समाधान व्यक्त केलं. त्या फाइली बॅकअपमध्ये नव्हत्या. जुन्या आउटलुकमध्ये त्यांना दोन जीबींची मर्यादा होती आणि ती ओलांडली की फाइल खराब होई. हे सगळं मला ठाऊक होतं. खरेदी विभागात एक ज्येष्ठ सहकारी होते. जुन्या बारनिशीत आवक-जावक जशी लिहीत, तसे ते मेल महिन्यावार, पुरवठादारावार लावत. २००७मध्ये एका पुरवठादाराशी पोलादाच्या दरावरून वाद झाला. दर मान्य केल्याचा मेल आपल्याकडे आहे, असं त्यांनी बैठकीत ठामपणे सांगितलं आणि जागेवर येऊन संगणक सुरू केला. डिस्क गेली होती. अनेक वर्षांचा पत्रव्यवहार तीत होता. त्यांनी आवाज चढवला नाही. मला एवढंच म्हणाले, "तुम्ही सांगितलं तिथेच ठेवलं होतं."

सर्व्हर हलका करताना मी माझी जबाबदारी उचलून त्यांच्या टेबलावर ठेवली होती. हे पुस्तक लिहिण्याचं कारण विचाराल तर ते वाक्य आहे.

त्यानंतर मी उत्तर शोधायला लागलो, आणि ते मला तंत्राच्या पुस्तकांआधी आपल्याच सरकारी दफ्तरांच्या परंपरेत सापडलं. पेशवे दफ्तरातल्या कागदांचे रुमाल बांधणाऱ्यांपासून तहसील कचेरीतल्या अभिलेखपालापर्यंत, जागा कमी आणि कागद फार हा प्रश्न आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हाताळला गेला आहे. महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. 'अ' कायमचा, 'ब' तीस वर्षांचा, 'क' पाच-दहा वर्षांचा, 'ड' एका वर्षाचा. कागद कोणत्या वर्गातला, हे प्रकरण बंद करतानाच त्यावर लिहायचं. १९८०च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयांची घडी नव्याने बसवली, तीत अभिलेखांच्या वर्गीकरणाला मोठं स्थान होतं. 'लखिना पॅटर्न' हे नाव जुन्या कर्मचाऱ्यांच्या तोंडी अजून आहे. सहा गठ्ठे पद्धतीत तर टेबलावरच्या प्रत्येक कागदाची जागा ठरलेली असते, आणि सहावा गठ्ठा नष्ट करायच्या कागदांचा असतो. मला हे फार मोलाचं वाटतं. नष्ट करणं हेही तिथे एक नेमून दिलेलं, नोंद होणारं काम आहे. कोणाच्या मर्जीवर किंवा घाईवर ते सोडलेलं नाही.

या पुस्तकाचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर असं: काय किती काळ ठेवायचं, हे संस्थेने शांतपणे आधी ठरवावं, ते ठरवलं नाही तर जागा संपलेल्या दिवशी कोणीतरी घाबरून ठरवतो. सर्व्हरमधली साधनं त्यानंतरची. मुदतीचे टॅग, आपोआप अर्काइव्हमध्ये जाण्याची सोय, जर्नल हे सगळं मेलचं अ-ब-क-ड आहे. करार, दरमान्यता, ग्राहकाची मंजुरी हे पेटीत पडून न राहता अभिलेखात जावं. बैठकीची वेळ बदलल्याचा मेल, कॅन्टीनचा मेन्यू, यंत्राने दर तासाला पाठवलेली सूचना, ही 'ड' वर्गातली पत्रं न विचारता निघून जावीत. माझ्या अनुभवात या शेवटच्या वर्गातच मेलची सर्वांत मोठी गर्दी असते.

कायद्याचं प्रकरण मी मुद्दाम विस्ताराने लिहिलं आहे, कारण तंत्रज्ञ त्याच्याकडे वकिलांचा विषय म्हणून पाहतात. न्यूयॉर्कच्या न्यायालयात चाललेल्या झुबुलेक विरुद्ध यूबीएस वॉरबर्ग या खटल्याचा कणाच बॅकअपच्या टेप आणि काढून टाकलेले मेल हा होता. जपून ठेवायला सांगितल्यावरही मेल काढले गेले, काही टेप सापडल्या नाहीत. तेव्हा २००४मध्ये न्यायमूर्ती शिरा शाइंडलिन यांनी ठरवलं, की गेलेले मेल कंपनीच्या विरोधातच गेले असते असं ज्यूरी धरून चालू शकते. २००५मध्ये ज्यूरीने सुमारे २.९ कोटी डॉलर्सची भरपाई दिली. वाद उभा राहिला की त्या माणसांच्या पेट्यांवर 'होल्ड' लावायचा, ही रीत अशा निकालांनी रुजवली. आणि होल्ड लागला की काढलेला मेल दिसेनासा झाला तरी सर्व्हरवर राहतोच, म्हणून तिथे जागेचा अंदाज वेगळा बांधावा लागतो.

आपल्याकडे २०००च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं सातवं कलम सांगतं, की राखून ठेवलेला इलेक्ट्रॉनिक अभिलेख पुढे पाहता आला पाहिजे आणि तो कुठून निघाला, कुठे गेला, कधी गेला हे त्यातून कळलं पाहिजे. बंद पडलेल्या डिस्कवरची पीएसटी या कसोटीला कशी उतरणार? २०१३च्या कंपनी कायद्याने हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं जपायला सांगितली आहेत. दुसरीकडे २०२३च्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याची दिशा अशी, की काम संपल्यावर कोणाची खासगी माहिती उगाच बाळगू नये. म्हणजे कमी ठेवणं हा दोष आणि जास्त ठेवणं हाही दोष. नोकरीसाठी आलेल्या अर्जांचे मेल दहा वर्षं पेटीत पडून असतील, तर ती निव्वळ अडलेली जागा राहत नाही. त्यात शेकडो माणसांचे पत्ते, पगार आणि जन्मतारखा असतात.

कोणी म्हणेल, आता सगळं क्लाउडमध्ये गेलं, पन्नास-शंभर जीबींची पेटी मिळते, मग हे पुस्तक कशाला? २०२५च्या १४ ऑक्टोबरला एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ यांचा आधार संपला, तेव्हा अनेक कारखान्यांनी आपला सर्व्हर बंद करून तिकडची वाट धरली, हे खरं. पण तिकडे जाताना प्रत्येक जीबी तारेवरून न्यावा लागतो. नेल्यावर शंभर जीबींच्या पेटीतून लॅपटॉपवर उतरणारी आउटलुकची फाइल पन्नास जीबींपाशी अडते. नोकरी सोडून गेलेल्यांच्या पेट्यांचं काय करायचं, हा प्रश्न तिथेही सोबत येतो. मोठ्या घरात राहायला गेल्यावर माळा आपोआप आवरला जात नाही.

पुस्तक मराठीत लिहिण्यामागेही एक ठाम भावना आहे. सांगलीच्या सूतगिरणीत, नाशिकच्या औषध कारखान्यात, एखाद्या नागरी सहकारी बँकेत मेल सांभाळणारा माणूस बहुधा एकटाच असतो. डिप्लोमा करून लागलेला, इंग्रजी वाचता येणारा, पण रात्री दोन वाजता डेटाबेस बंद पडल्यावर धीर मराठीत शोधणारा. त्याला आज्ञा इंटरनेटवर सापडतात. त्या कधी द्यायच्या आणि मुख्य म्हणजे कधी देऊ नयेत, हे शेजारी बसून सांगणारं कोणी नसतं. घाईने दिलेल्या एका आज्ञेत किती जणांची किती वर्षं असतात, हे त्याला आधी कळावं, या हेतूने मी प्रत्येक कृतीआधी तिचे परिणाम लिहिले आहेत. सर्व्हर, लोड, कोटा, बाउन्स हे शब्द तसेच ठेवले, कारण कारखान्यात ते तसेच बोलले जातात.

पहिली चार प्रकरणं सर्वांनी क्रमाने वाचावीत. पाचव्यापासून पुढे ज्याला जी अडचण असेल त्याने तिथे उघडावं. आणि अकरावं प्रकरण, म्हणजे मुदतीचा तक्ता, एकट्याने भरू नका. खरेदी, हिशेब, मनुष्यबळ, गुणवत्ता या विभागांना एका टेबलाभोवती बसवा. कोणता कागद कशासाठी लागतो, हे त्यांनाच माहीत असतं. ती बैठक दोन तास चालेल, कदाचित वादही होतील. त्या दोन तासांइतकी स्वस्त जागा तुम्हाला कोणताही विक्रेता देणार नाही.

ते खरेदीतले सहकारी पुढे निवृत्त झाले. त्याआधी आम्ही त्यांचे राहिलेले मेल सर्व्हरच्या अर्काइव्हमध्ये घेतले. कोणत्या पुरवठादाराचा व्यवहार किती वर्षं जपायचा, हे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलं. पुस्तकातल्या तक्त्याचा पहिला कच्चा खर्डा तोच. काही वर्षांनी त्यांच्या जागी आलेल्या मुलीला एका जुन्या दराचा मेल हवा होता. तिने तो शोधला आणि मिनिटभरात तिला मिळाला. ती काही बोलली नाही, कारण बोलण्यासारखं काही घडलंच नव्हतं. सांगितलं होतं तिथे ठेवलं होतं, आणि ते तिथे होतं.